उन्हापावसातल्या बाकाला लाकूड कोणतं घ्यावं?



आज पिकाचं काही नाही, लाकडाचं लिहितोय. आमच्या कांदाचाळीपुढं दोन बाक आणि कांदा निवडायचं एक टेबल उघड्यावर ठेवलेलं आहे. त्याला हा दुसरा पावसाळा चालू आहे. आमचा भाग नगर जिल्ह्याच्या दक्षिणेचा. पाऊस कमी, ऊन भरपूर, आणि वाळवीचं तर विचारूच नका. कोकणातल्या मंडळींचा पाऊस वेगळा, त्यांनी त्यांच्या हिशोबानं घ्यावं. पण देशावर, मराठवाड्यात ज्यांना खळ्यावर, विहिरीपाशी, चाळीपुढं बसायला काही करायचं असेल त्यांच्या कामाचं आहे.

घरातल्या लाकडाचं आणि बाहेरच्या लाकडाचं गणित एक नाही. घरातल्या कपाटाला आंबा चालतो, निलगिरीसुद्धा चालते. बाहेर तीन गोष्टी मागं लागतात. एक पाणी. लाकूड कुजवणारी बुरशी लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल असली तरच वाढते. भिजून लगेच सुकणारं लाकूड कुजत नाही, ओल धरून बसलेलं कुजतं. दुसरी कीड. वाळवी जमिनीतून येते, आणि भुंगेरे लाकडात शिरून आतून पीठ पाडतात. तिसरं ऊन. उन्हानं लाकूड तडकतं, वाकतं, राखाडी पडतं. राखाडी पडलं तर काही बिघडत नाही, तडकलं की भेगेत पाणी बसतं आणि पुन्हा पहिल्या गोष्टीपाशी येतो.

आता मुख्य मुद्दा. आपण लाकूड घेताना झाडाचं नाव विचारतो. साग का बाभूळ का निंब. पण बऱ्याच झाडांचं मोठं खोड आडवं कापलं की दोन रंग दिसतात. आतला गडद गाभा आणि बाहेरचा पांढरट भाग. पांढऱ्या भागातून झाड पाणी वर नेतं आणि त्यातच आपलं खाणं साठवून ठेवतं. ते खाणं म्हणजे पिष्ट, साखर. तेच किडीलाही आवडतं. गाभा जुना होत जातो तसं त्यात पाणी चढायचं थांबतं आणि झाड तिथं तेल, राळ, तुरट द्रव्यं भरून ठेवतं. ती किडीला आणि बुरशीला सोसत नाहीत. म्हणून सागाचासुद्धा गाभाच टिकतो. सागाचा पांढरा भाग वाळवी आंब्यासारखाच खाते.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेनं ही तपासणी फार वर्षांपासून केलेली आहे. एका मापाच्या खुंट्या अर्धवट जमिनीत पुरायच्या आणि किती महिन्यांनी खलास होतात ते बघायचं. 120 महिन्यांच्या वर टिकलं ते पहिल्या प्रतीचं, 60 ते 120 महिने टिकलं ते मधलं, 60 च्या आत गेलं ते कमी टिकाऊ. सागाचा गाभा पहिल्या प्रतीत येतो, आंबा शेवटच्या. एका वन कर्मचाऱ्यानं मला हे बोलता बोलता सांगितलं, आणि मला वाटलं हे तर आपल्या बांधावरही करता येईल. बियाण्याचे प्लॉट लावतो तसे लाकडाचे लावायचे.

चाळीमागं वाळवीचं एक वारूळ आहे. त्याच्याजवळ दोन बाय दोन इंचाच्या, दीड फूट लांब खुंट्या पुरल्या. निम्म्या आत, निम्म्या वर. सुबाभूळ, निलगिरी, आंबा, निंबाचा गाभा, बाभळीचा गाभा, बाभळीचा पांढरा, सागाचा गाभा, सागाचा पांढरा. वर रंगानं आकडे टाकले आणि वहीत लिहून ठेवलं. तीन पावसाळे झाले, चौथा चालू आहे. दर दिवाळीला उपटून बघतो, चाकूचं टोक घालतो आणि परत पुरतो. निकाल असा.

आंबा पहिल्या पावसाळ्यातच मऊ पडला, दुसऱ्यात हातात आला. सुबाभळीला पहिल्याच वर्षी भुंगेऱ्यानं पीठ पाडलं, उरलेलं वाळवीनं नेलं. सागाचा पांढरा आणि बाभळीचा पांढरा दोन्ही दुसऱ्या दिवाळीला नुसत्या टरफलासारखे उरले होते. निलगिरीची खुंटी शिल्लक आहे, पण उभी फाटली आहे, करंगळी जाईल एवढी भेग. निंबाचा गाभा जमिनीलगत खाल्ला आहे, वर घट्ट आहे. बाभळीचा गाभा जमिनीलगत वरवर कुरतडल्यासारखा झाला आहे, पण चाकू आत जात नाही. सागाच्या गाभ्याला काहीच नाही.

म्हणजे साग पहिला, बाभूळ दुसरी, निंब तिसरा. आणि जमिनीत पुरणं ही सगळ्यात कडक परीक्षा. बाक तर जमिनीच्या वर असतो, त्यामुळं बाभळीचा आणि निंबाचा गाभा तिथं चांगला चालतो.

मग साग का घेतला नाही? गेलो होतो वखारीत. तिथं साग तीन प्रकारचा होता. एक जुना जंगली साग, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना गेला तो त्याच भागातला. त्याला बोट लावायची आपली ऐपत नाही, आणि कांदा निवडायच्या टेबलाला तो लावूही नये. दुसरा बाहेरदेशचा, घाना, इक्वेडोरकडच्या लागवडीतला. तिसरा आपल्याकडच्या शेतातला. 1990 नंतर सागाच्या लागवडीच्या जाहिरातींचं पेव फुटलं होतं, आठवत असेल. वीस वर्षांत लखपती व्हायचं होतं सगळ्यांनी. तशातली लवकर तोडलेली, बारीक घेराची ओंडकी होती. फळीचं तोंड पाहिलं तर कडेला दोन-दोन बोटं पांढरं, मध्ये गाभा. कारखानदारानं त्यावर लालसर पॉलिश मारलं की सगळं एकसारखं दिसणार आणि साग म्हणूनच विकलं जाणार. नाव खोटं नाही, पण बाहेर ठेवला तर कडा आधी जाणार. म्हणून सागाचं तयार बाक कुणी घेत असेल तर रंग लावायच्या आधी बघा, नाहीतर खालच्या बाजूनं, जिथं रंग पोचलेला नसतो तिथं बघा. फळीची तोंडं बघा. पांढरं दिसलं तर त्या भावात घेऊ नका.

बाक का लागला ते आता सांगतो. आमच्याकडं कांदा निवडायला एक मावशी येतात. माझ्या लग्नाच्या आधीपासून येतात. गावरान कांदा एप्रिलात चाळीत भरला की जुलै-ऑगस्टात चाळ फोडून निवडावा लागतो. गोल्टी वेगळी, जोड वेगळा, मोकडा वेगळा, सडका बाहेर. मावशींच्या हाताला कांदा नुसता लागला की कळतं, मान आतून मऊ आहे का नाही. आपल्याला वरून तो चांगलाच दिसतो. एक असा कांदा गोणीत गेला की शेजारच्या दहांना घेऊन जातो आणि बाजारात गोणी ओतली की सगळा माल त्या भावात. दोन वर्षांपूर्वी निवडणी संपल्यावर मावशी म्हणाल्या, "दादा, पुढल्या साली मला सांगावा धाडू नको. खाली बसलं की उठवंना झालंय. पोरी मला धरून उठवित्यात, त्यांचंबी काम खोळंबतंय."

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, पैसे पाठवतो. पण औषधाचे पैसे मावशी स्वतःच्या हाजरीतून भरतात, कुणाकडं मागत नाहीत. काम थांबलं तर ते मागणं आलं. आणि एकट्या त्यांचंच होतं असं नाही. दिवसभर उकिडवं बसून तरण्या बायकांच्याही कमरा जातात, फक्त त्या बोलत नाहीत. आपण ट्रॅक्टरला सीट कशी आहे ते बघून घेतो, आणि निवडणीच्या बायका चाळीस वर्षं गोणपाटावर बसलेल्या आहेत.

प्लास्टिकच्या खुर्च्या आणून बघितल्या. उन्हात दोन वर्षांत ठिसूळ होतात, आणि मऊ जमिनीत एक पाय रुतला की माणूस कलंडतो. पडून म्हातारपणी खुबा मोडला तर काय? लोखंडाचा बाक वैशाखात तव्यासारखा तापतो. म्हणून लाकूडच पाहिजे होतं, आणि ते असं की तीन-चार बायका एकदम बसल्या तर पाच-सात वर्षांनीही दगा देणार नाही. वरून चांगला दिसणारा आणि आतून पोखरलेला बाक हा नसलेल्या बाकापेक्षा वाईट.

लाकूड घरचंच निघालं. बांधावरची जुनी बाभूळ वळवाच्या वाऱ्यात मुळासकट पडली होती. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणातली. दुसऱ्याच दिवशी लाकूडवाला दारात. जळणाच्या भावानं, वजनावर मागत होता. त्याला थांबवून आधी टेप लावला. वखारीत गोल लाकूड मोजायची रीत बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगतो. मधोमध घेर इंचात मोजायचा, त्याला चारनं भागायचं, आलेल्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणायचं, मग लांबीच्या फुटांनी गुणायचं आणि 144 नं भागायचं. आमच्या बुंध्याचा घेर 48 इंच, सरळ लांबी 8 फूट. 12 गुणिले 12 गुणिले 8, भागिले 144, म्हणजे 8 घनफूट. खरं भूमितीनं काढलं तर ते दहाच्या वर भरतं. या रीतीत शेकडा एकवीस-बावीस लाकूड हिशोबाबाहेर राहतं, कापताना जाणाऱ्या कडांपोटी. विकणाऱ्यानं एवढं तरी माहीत ठेवावं. फांद्या जळणाला दिल्या, बुंधा ठेवला.

परवानगीचंही सांगतो. महाराष्ट्रात 1964 च्या झाडतोडीच्या कायद्यात काही झाडं नावानिशी आहेत. साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, खैर, अंजन ही त्यातली. आपल्या मालकीच्या रानात असली तरी आधी परवानगी लागते. बाभूळ, निंब त्या यादीत नाहीत, तरी तोडायच्या आणि वाहून न्यायच्या आधी वन खात्याच्या माणसाला विचारलेलं बरं. आमची पडलेली होती, तरी मी फोटो काढून ठेवला आणि विचारून मगच सॉमिलला नेली.

बाभळीची एकच खोड. ताजी तोडून तशीच ठेवली की भुंगेरा लागतो आणि पांढऱ्या भागातून पीठ गळायला लागतं. जुनी माणसं त्यासाठी बुंधा पाण्यात टाकायची. गाड्याची चाकं, नांगर, बाजेचे खूर सगळं बाभळीचं, आणि सगळं आधी पाण्यात मुरलेलं. पाण्यात राहिलं की लाकडातलं किडीचं खाणं विरघळून, आंबून जातं. आम्ही साल काढून बुंधा केटी बंधाऱ्याच्या फुगवट्यात जून ते दिवाळी बुडवून ठेवला, तारेनं झाडाला बांधून. पाणी तांबूस झालं, वासही सुटला. अंधाऱ्या पंधरवड्यात झाड तोडलं की कीड लागत नाही असं आमच्याकडं म्हणतात. पण साल ठेवली तर कोणत्याही पंधरवड्यातलं लाकूड किडतं, सालीखालीच ती अंडी घालते.

दिवाळीनंतर फळ्या पाडल्या. बाभूळ ओली असतानाच कापावी, वाळली की करवतीचं पातं तापतं. कापताना दोन गोष्टी सांगितल्या. मधोमध भेंड असते ती कोणत्याही फळीत येऊ द्यायची नाही, ती आली की फळी तिथूनच तडकते. आणि पांढरा भाग बाजूला काढायचा. सॉमिलवाला म्हणाला, "निम्मं लाकूड वाया घालवताय." वाया नाही गेलं, चुलीला गेलं.

फळ्या सावलीत रचल्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या घालून, वारा खेळावा म्हणून. तोंडांना शेणमातीचा जाड लेप दिला, कारण लाकूड तोंडाकडून लवकर वाळतं आणि तिथंच फाटतं. इंचाला एक वर्ष असा वाळवण्याचा ढोबळ हिशोब आहे. मी एक फळी दर महिन्याला कांद्याच्या काट्यावर ठेवायचो आणि वजन खडूनं तिच्यावरच लिहायचो. वजन कमी व्हायचं थांबलं की वाळलं. दीड वर्ष लागलं.

सुतारमामांनी बाक केले. मापं देतो. बैठक 6 फूट लांब, 4 इंच रुंद आणि दीड इंच जाड अशा तीन पट्ट्या, मध्ये बोटभर फट. फट पाणी निथळायला. एकच रुंद फळी घातली की ती वाकते आणि मध्ये पाणी साचतं. उंची 18 इंच. 14-15 इंचाचा बाक दिसायला बरा दिसतो, पण दुखऱ्या गुडघ्याला त्यावरून उठणं जड जातं. पाय 3 बाय 3 इंची, खाली लांब आडवा दांडा. एका बाकाला दीड घनफूट लाकूड लागलं. वाळलेली बाभूळ घनफुटाला बावीस-तेवीस किलो भरते, म्हणजे बाक पस्तीस किलोच्या आसपास. दोघी सहज उचलतात आणि वाऱ्यानं हलत नाही. टेबलाचे पाय बाभळीचे, वरच्या पट्ट्या निंबाच्या. निंबाची रुंद फळी पिळवटते, तीन इंची पट्टी सरळ राहते. पट्ट्यांच्या फटीतून माती आणि पात खाली पडते. टेबल 28 इंच उंच.

सांधे खाच पाडून कुसू बसवलेले आहेत, वर बोल्ट. बाभळीत आधी ड्रिलनं भोक पाडल्याशिवाय खिळा मारू नका, लाकूड फाटतं नाहीतर खिळा वाकतो. बोल्ट जस्त चढवलेले किंवा स्टेनलेसचे घ्या. बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात, तोच तुरटपणा लाकडातही थोडा असतो. साधं लोखंड ओलं झालं की भोवती काळा डाग पडतो आणि खिळा गंजतो.

पाय मातीत ठेवले नाहीत. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा आहे. लाकडाचं तोंड म्हणजे नळ्यांची जुडी असते, मातीतली ओल वर ओढते. नुसत्या फरशीनं बाकाचं आयुष्य वाढतं आणि खर्च शून्य. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, जवसाचं तेल चोळतो. गाडीचं काळं तेल बरेच जण लावतात. कुंपणाच्या खांबाला लावा, बाकाला नको. लुगड्याला लागतं, हाताला लागतं आणि त्याच हातानं बायका भाकरी खातात. वाळवीचं औषध ओतायचं तर तेही बसायच्या जागी नको. लाकूड नीट निवडलं असेल तर ओतायची वेळ येत नाही.

मावशी गेल्या वर्षी निवडणीला आल्या, यंदाही येतायत. पहिल्या दिवशी बाक हातानं दाबून बघितला, मगच बसल्या.

बाकी झाडांचं थोडक्यात. अंजन मिळाला तर सोनं, पाण्यात बुडणारं लाकूड आहे, पण परवानगीशिवाय हात लावू नका. जांभूळ पाण्याला चांगली. चिंचेचा गाभा कठीण पण थोडा, पांढरा जास्त आणि तो किडतो. वेडी बाभूळ आपण शिव्या देऊन काढतो, पण तिचा गाभा टिकाऊ आणि कमी आकसणारा आहे. वाकडी असते, लांब फळी निघत नाही, पाय आणि ठोकळे निघतात. निलगिरी, सुबाभूळ, आंबा बाहेर नको.

एक गोष्ट मनात राहते. आमच्या शिवारात त्या घेराची बाभूळ आता मोजून तीन उरल्यात. बांध कोरत गेले, झाडाच्या सावलीनं दोन सऱ्या जातात म्हणून बाभळी काढल्या, आणि सगळ्या जळणाच्या भावानं गेल्या. मग तेच लोक वखारीत जाऊन पांढऱ्या कडांचा साग घेतात. मी ओढ्याकडच्या बांधावर यंदा अकरा बाभळी ठेवल्यात. लावल्या नाहीत, आपोआप उगवलेल्या, फक्त औताखाली जाऊ दिल्या नाहीत. शेळ्यांपासून जपायला भोवती काटे लावलेत.

तुमच्या बांधावरचं जुनं झाड वाऱ्यानं पडलं तर त्याच दिवशी सौदा करू नका. आठ दिवस दम धरा. टेप लावा, तोंड बघा, गाभा किती बोटं आहे ते मोजा. साल तेवढी लगेच काढा.